लेबल नसलेली इमरती

शुगर ५८ दाखवतेय, हात थरथरतायत, घाम फुटलाय. समोर गुलमंडीतली गरमागरम इमरती आहे आणि शेजारच्या चहाच्या टपरीवर साखरेचा डबा. टाइप वन मधुमेह असलेल्या मुलाने आधी काय घ्यायचं?

बरेच जण इमरती म्हणतील. गोड तर तीच जास्त! पण तुपात तळलेला पदार्थ पचायला वेळ घेतो, साखर रक्तात उशिरा पोचते, आणि अशा वेळी हातात वेळच नसतो. शुगर ७० च्या खाली गेली की साधारण १५ ग्रॅम, म्हणजे तीनेक चमचे साखर पाण्यात घालून प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. हे पेशंटला माहीत हवंच, पण कट्ट्यावर त्याच्या शेजारी बसलेल्यालाही हवं.

याला आरोग्य साक्षरता म्हणतात. ती मोजायच्या पट्ट्या जगात भरपूर आहेत. अमेरिकेत २००५ मध्ये 'न्यूएस्ट व्हायटल साइन' नावाची चाचणी आली. हातात आइस्क्रीमच्या डब्याचं लेबल द्यायचं, त्यावर सहा प्रश्न विचारायचे, तीन मिनिटांत काम झालं. चाचणी चांगली आहे, पण आपली इमरती पावशेरात मिळते, कागदात बांधून. तिला लेबलच नाही. इंग्रजी लेबल वाचता येणारा मुलगा साक्षर आणि रोज चार वेळा स्वतःला इन्सुलिन टोचून घेणारी, भाकरी किती खाल्ली तर किती युनिट लागतील याचा अंदाज बांधणारी वैजापूरची मुलगी निरक्षर, असा निकाल लागणार असेल तर ती पट्टी आपल्या कामाची नाही.

इथले प्रश्न इथेच तयार व्हायला हवेत. नवरात्रात कर्णपुऱ्याला निघालात, साबुदाण्याची खिचडी उपवासाला चालते. शुगरला चालते का? (साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च.) रोजे धरायचे असतील तर इन्सुलिनच्या वेळा कुणाला विचारून बदलायच्या? मे महिन्यात पारा चाळिशीपार, होस्टेलवर फ्रिज नाही, इन्सुलिन कुठे ठेवाल? ओल्या वाळूतल्या मडक्यात, हे उत्तर देणाऱ्याला पैकीच्या पैकी मार्क द्यावेत. आपल्याच शहरात डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था टाइप वन असलेल्या मुलांसाठी काम करते. असे प्रश्न अशा ठिकाणच्या मुलांना सोबत घेऊन तयार करता येतील, परदेशी फॉर्मचं भाषांतर करून नाही.

दुसरी गोष्ट मोजतात ती 'रेझिलिअन्स'. सहा विधानांची एक पट्टी आहे, २५ विधानांचीही आहे. धक्क्यातून किती लवकर सावरता, अडचणींना कसं तोंड देता, असा एकूण सूर. इथे आमची खरी शंका आहे. आपल्याकडे सावरणं आणि सोसणं यांत लोक फरकच करत नाहीत. पुढे स्थळं येतील म्हणून घरच्यांनी गप्प राहायला सांगितलेली मुलगी कॉलेजच्या वॉशरूममध्ये लपून इन्सुलिन घेते. मैत्रिणींना पत्ता नाही, सर-मॅडमना नाही. फॉर्म दिला तर ती प्रत्येक विधानाला 'मी छान सावरते' असंच दाखवणारं उत्तर देईल आणि भरघोस स्कोअर मिळवेल. आणि लेक्चर चालू असताना शुगर उतरली तर शेजारच्या बाकावरचीला वाटेल, हिला झोप लागलीय. मग तो स्कोअर नक्की कशाचा?

म्हणून मोजायचंच असेल तर निम्मे प्रश्न कॉलेजलाही विचारा. वर्गात ग्लुकोज खायची मुभा आहे का? इन्सुलिन घ्यायला स्वच्छ जागा आहे का? शुगर उतरल्याची लक्षणं किती प्राध्यापकांना ओळखता येतात? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत. टाइप वन मधुमेहाचं नाव तिथे नाही. त्यामुळे या मुलांचं बरंचसं काम समोरच्या माणसाच्या समजूतदारपणावर चालतं. पर्यवेक्षक चांगला निघाला तर ठीक, नाही तर 'खिशात काय आहे, दाखव.'

सीबीएसईने २०१७ मध्येच मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षेच्या हॉलमध्ये साखरेच्या गोळ्या, फळं, पाणी न्यायला लेखी परवानगी दिली. बारावीपर्यंत ही सवलत मिळालेला मुलगा पुढे आपल्या विद्यापीठात येतो, तेव्हा त्याचा मधुमेह काही शाळेत राहत नाही. पुढची सेमिस्टर परीक्षा यायच्या आत प्रत्येक कॉलेजने एवढंच करावं: कोणत्या विद्यार्थ्याला सोबत काय ठेवता येईल ते लेखी द्यावं, आणि त्याची एक प्रत पर्यवेक्षकाच्या हातात असावी.