गुण अभ्यासाचे की टॉवरचे?

२८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना पदवी मिळणार नाही. महाराष्ट्र सरकारने जूनमध्ये कोरोनामुळे ही परीक्षा न घेण्याचे ठरवले होते. जुलैत विद्यापीठ अनुदान आयोगाने ती सक्तीची केली आणि न्यायालयाने आयोगाची बाजू उचलून धरली. राज्याला मुदतवाढ मागता येईल, परीक्षा टाळता येणार नाही, असा तो निवाडा. मुंबई-दिल्लीचा वाद तिथे मिटला. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांधच्या पोरापोरींची अडचण मात्र तिथूनच सुरू झाली.

नागपूर विद्यापीठाने ती परीक्षा ऑक्टोबरात घेतली, मोबाईलवर, बहुपर्यायी प्रश्नांची. ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडे हलका धान कापणीला येण्याचे दिवस. घरात मोबाईल एक, तोही बापाच्या खिशात, आणि व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेल्या गावांत रेंज शोधत हिंडायचे. कोळू पाटलांनी बांधलेल्या नवेगावच्या तलावाचे पाणी पाळीपासून लांबच्या बांधीला शेवटी पोचते, म्हणून त्या शेतकऱ्याला कोणी आळशी ठरवत नाही. रेंज न पोचलेल्या विद्यार्थ्याला मात्र आपण सरळ गैरहजर ठरवतो.

अंतिम वर्षाचा गाजावाजा झाला. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडे कोणाचे लक्षच गेले नाही. त्यांना आयोगाच्या सूत्राने गुण मिळाले, निम्मे मागच्या सत्राच्या कामगिरीवर आणि निम्मे अंतर्गत मूल्यमापनावर. ऐकायला हे रास्त वाटते. पण खेड्यातून कॉलेजात आलेल्या मुलाचे पहिले सत्र बुजण्यातच जाते. तो सावरतो दुसऱ्या सत्रात. सूत्राने त्याची सावरण्याची संधीच काढून घेतली आणि जुने अपयश पुन्हा मोजले. उरलेले निम्मे गुण कशाचे, हे तर बहुतेकांना कळलेच नाही. स्वाध्याय व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, सरांनी पाहिला की नाही ठाऊक नाही, निकालात एक आकडा उमटला. लेखी पेपरची निदान छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. अंतर्गत गुणांबाबत असा रस्ता विद्यार्थ्याला सहसा कोणी दाखवत नाही.

कॉपी झाली नाही असे आम्ही म्हणणार नाही. झाली, आणि उघड झाली. पण तिचा फटका बसला प्रामाणिक मुलांनाच. ‘कोरोना बॅच’ हा शिक्का गुणपत्रिकेवर छापलेला नव्हता, तरी नोकरीच्या मुलाखतीत तो वाचला गेला.

२० ऑक्टोबर २०२१ला महाविद्यालये उघडली आणि आठवडा-दोन आठवड्यांतच एसटीचा संप लागला, तो थेट पुढच्या एप्रिलपर्यंत. वर्ग सुरू, पण वर्गात जायला गाडी नाही. पुढे राज्यभर ‘परीक्षाही ऑनलाइनच घ्या’ अशी मागणी झाली, तेव्हा शहरी वर्तमानपत्रांनी पोरांना कामचुकार म्हटले. त्यांत काही कामचुकार असतीलही. अर्जुनी-मोरगावच्या वाटेवर एसटीची वाट पाहणाऱ्याला त्यांत धरणे अन्यायाचे होते.

हा जुना हिशेब उकरण्याचे कारण आजचे आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने संलग्न महाविद्यालयांतही आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य अभ्यासक्रम, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली अशी विषयांची रांग लावली आहे. सत्राला वीस-बावीस क्रेडिट. थिअरीचे एक क्रेडिट म्हणजे पंधरा तास अध्यापन. घरी किती तास लागतील, याची बेरीज कोणीच करत नाही. प्रत्येक शिक्षक आपला स्वाध्याय देतो, दुसऱ्याने काय दिले ते त्याला माहीत नसते. सगळ्यांच्या शेवटच्या तारखा एकाच आठवड्यात येतात. त्यात शिक्षकांची पदे रिकामी, तासिका तत्त्वावर येणारा प्राध्यापक दोन-तीन कॉलेजे सांभाळणारा. त्याच्यावर सगळा राग काढणेही बरोबर नाही. शिवाय आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयं’ या सरकारी मंचावरून ऑनलाइन घेता येतात. संधी म्हणून हे उत्तमच. शिक्षक नाही म्हणून विद्यार्थ्याला तिकडे ढकलणे ही मात्र शुद्ध पळवाट होईल.

म्हणून विद्यापीठाने आणि आपल्या भागातील प्राचार्यांनी तीन गोष्टी कराव्यात. स्वाध्यायांचे सगळ्या विषयांचे एकत्र वेळापत्रक सत्राच्या आरंभीच सूचना फलकावर लावावे. कोणत्या कामाला किती गुण, हे आधी लेखी द्यावे. आणि अंतर्गत गुण नागपूरला पाठवण्यापूर्वी ते विद्यार्थ्यांना दाखवून हरकतीसाठी आठ दिवस द्यावेत. यासाठी ना नवा कायदा लागतो, ना नवे ॲप.