विरजण शेजारी ठेवावं

आमच्या मराठी शाळेचा सर्व्हर म्हणजे क्लाउडमधलं भाड्याचं बिऱ्हाड. त्यावर हजेरी, गृहपाठ आणि मुलांनी रेकॉर्ड केलेल्या आजी-आजोबांच्या गोष्टी. जूनमध्ये एका अपडेटनंतर तो बंद पडला. रोज रात्री स्नॅपशॉट निघत होता, म्हणून आम्ही निर्धास्तपणे जुना सर्व्हर काढून टाकला आणि स्नॅपशॉटवरून नवा उभा केला.

हजेरी आली, गृहपाठ आला, गोष्टी नाहीत! त्या नंतर जोडलेल्या दुसऱ्या डिस्कवर होत्या. ती डिस्क बॅकअपच्या यादीत घालायची मीच विसरले होते, आणि जुन्या सर्व्हरबरोबर तीही पुसली गेली. एक आजी तर मार्चमध्येच गेल्या होत्या. त्यांचा आवाज नातवाच्या जुन्या फोनात सापडला, तेव्हा त्याची आई आणि मी, दोघी रडलो. २३ गोष्टींपैकी १४ मिळाल्या.

माझी आई विरजणाची एक वाटी शेजारच्या काकूंकडे ठेवायची. आपलं नासलं तर तिथून आणायचं. बॅकअपचंही तेच: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दूर. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला एक डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्यापैकी अनेकांचा तोही गेला.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही बॅकअपवरून वेगळा सर्व्हर उभा करतो आणि एक गोष्ट लावून ऐकतो. या दिवाळीत तुमच्या घरचे फोटोही बॅकअपमधून एकदा उघडून पाहा. नुसतं विरजण असून भागत नाही, दही लागलं पाहिजे.