'पोट दुखतंय' म्हणणारं मूल दरवेळी बहाणाच करत असतं का? सातारा-सांगलीच्या शाळांमध्ये नेमकं काय अडतं?

करंगळी वर करून "बाई, जाऊ का?" असं विचारायला पहिली-दुसरीतल्या मुलांना काही वाटत नाही. पण दोन नंबरला जायचं असेल तर? आठवीतला मुलगा हे चाळीस जणांसमोर सांगत नाही. तो पोट दाबून शाळा सुटेपर्यंत बसतो. नाहीतर सकाळीच घरी सांगतो, "आई, पोट दुखतंय, आज जात नाही." त्यावर घरातलं उत्तरही ठरलेलं असतं. गृहपाठ झाला नसेल, म्हणून नाटकं चालली आहेत.

कधी कधी ती नाटकं असतातही. आपण सगळ्यांनीच ती केली आहेत. पण वारंवार पोट दुखणं, जुनाट बद्धकोष्ठता, गव्हाची ॲलर्जी किंवा सेलिॲक, आतड्याला सूज येण्याचे आजार हे सगळं शाळकरी वयात होतं. यातली बद्धकोष्ठता तर जगभरात साधारण दहातल्या एका मुलाला असते. साठ पटांच्या वर्गात पाच-सहा मुलं धरा.

आधी बद्धकोष्ठतेचं बोलू

कारण सगळ्यात जास्त मुलं इथे अडकतात आणि यात शाळेचा हात सगळ्यात मोठा आहे.

मूल शी रोखून धरतं. रोखलेली शी आतड्यात कोरडी आणि कडक होते. मग ती होताना दुखतं, म्हणून पुढच्या वेळी मूल आणखी रोखतं. काही महिने असं चाललं की मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग ताणला जातो आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. मग साचलेल्या कडक शीच्या कडेने पातळ शी झिरपते आणि चड्डी खराब होते. मुलाला ते कळतही नाही. वर्गात मात्र वास येतो, नाव पडतं आणि शिक्षकही "एवढा घोडा झालास तरी" म्हणून मोकळे होतात. हा आळस नाही, घाणेरडेपणाही नाही. या आजाराला बरेच महिने औषध लागतं आणि जेवणानंतर रोज पाच-दहा मिनिटं शौचाला बसायची सवय लावावी लागते.

जेवणानंतरच का? पोटात अन्न पडलं की मोठं आतडं हालचाल करतं. त्यामुळे नाश्त्यानंतरचा अर्धा तास शौचासाठी सगळ्यात सोयीचा असतो. आता हे आपल्याकडच्या सकाळच्या शाळेला लावून बघा. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. कारण झोपेचं होतं, पण फायदा पोटाचाही आहे. पाचवीपासून पुढे मात्र ही सवलत नाही. पाटण किंवा जावळीच्या डोंगरातल्या वाडीवरून पहिल्या एसटीने येणारी मुलगी चहा-बटरवर निघते. तिच्या आतड्याची वेळ होते तेव्हा ती एसटीत उभी असते.

शौचालयं तर बांधली आहेत ना?

बांधली आहेत. शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) मुला-मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं सुरक्षित पाणी प्रत्येक शाळेला बंधनकारक आहे. २०१८ च्या स्वच्छ सर्वेक्षण ग्रामीणमध्ये सातारा जिल्हा देशात पहिला आला होता. सांगली जिल्हा परिषदेने 'माझी शाळा, आदर्श शाळा' उपक्रमात शाळांच्या इमारती सुधारायला घेतल्या. म्हणजे हे मागास भागाचं रडगाणं नाही.

अडतं ते पुढे. जिल्हा परिषदेच्या बहुतेक प्राथमिक शाळांना शिपाई नसतो. मग संडास घाण होऊ नये म्हणून कुलूप लागतं आणि किल्ली गुरुजींच्या टेबलावर राहते. माण, खटाव, आटपाडी, जतसारख्या तालुक्यांत उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याचीच मारामार असते, तिथे टाकीत पाणी कुठून चढणार? कायदा शौचालय असण्याबद्दल बोलतो. ते तासाच्या मधेच, कारण न सांगता वापरता येईल का, याबद्दल काही म्हणत नाही.

पाणी न पिणं हा याच साखळीचा पुढचा दुवा. संडासला जावं लागू नये म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. माझ्या शाळेत आमच्या बाकावरच्या तिघींचा हा अलिखित नियम होता. केरळने नोव्हेंबर २०१९ मध्ये शाळांत 'वॉटर बेल' सुरू केली, म्हणजे ठरावीक वेळी घंटा झाली की सगळ्यांनी पाणी प्यायचं. कल्पना छान आहे, पण दार उघडं नसेल तर घंटेचा उपयोग नाही.

शाळेचं जेवण कुणाला चालत नाही?

शालेय पोषण आहार (आता 'पीएम पोषण') प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं देतो, उच्च प्राथमिकला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. जून २०२४ मध्ये राज्याने पंधरा पाककृती ठरवून दिल्या. मसालेभात, मूगडाळ खिचडी, मटकीची उसळ, तांदळाची खीर, नाचणीसत्त्व वगैरे. अंड्यासाठीचा वेगळा निधी जानेवारी २०२५ मध्ये थांबला आणि सगळी चर्चा अंड्यावरच झाली. हे जेवण ज्याला पचत नाही अशा मुलाचं काय, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

गंमत म्हणजे सेलिॲक असलेल्या मुलासाठी हा आहार बऱ्यापैकी बरा आहे. सेलिॲकमध्ये गहू, बार्ली यांतल्या ग्लुटेनमुळे लहान आतड्याचं अस्तर खराब होतं, मूल खंगतं, उंची खुंटते. उत्तर भारतात हा आजार शंभरात एकाच्या आसपास सापडतो, दक्षिणेत त्याहून खूपच कमी. आपल्याकडची ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत ग्लुटेन नसतं. पण फोडणीतल्या बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. गिरणीत आधीच्या डब्याचा गहू दळला असेल तर नंतरच्या ज्वारीत तो मिसळतो. ग्लुटेनमुक्त म्हणण्याची अधिकृत मर्यादा किलोला २० मिलिग्रॅमच्या आत आहे, त्यामुळे गिरणीतला हा मिसळलेला गहू किरकोळ नाही.

आणि खपली! कृष्णाकाठचा हा गहू 'पचायला हलका' म्हणून पुण्या-मुंबईत महाग विकला जातो. पण खपलीतही ग्लुटेन असतं. सेलिॲकच्या मुलाला "आपली खपलीची पोळी चालेल गं" म्हणून प्रेमाने वाढणारी आजी नकळत त्याचं नुकसान करते. दुधाचं तसं नाही. दुधातली साखर न पचणाऱ्या मुलाला खिरीने पोटात गुरगुर, गॅस, जुलाब होतात, आतड्याला इजा होत नाही. त्याला खिरीऐवजी भात जास्त वाढला तरी पुरतं.

सरकारी तपासणीत हे सापडत नाही का?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून वर्षातून एकदा शाळेत येतं. त्यांच्या यादीत ३० व्याधी आहेत. त्यात दात, कान, त्वचा, हृदय, फिट्स, रक्तक्षय आहे. पचनाचा एकही जुनाट आजार नाही. फेब्रुवारीत जंताची गोळी मिळते, ती हवीच, पण तिने बद्धकोष्ठता बरी होत नाही. दिव्यांग कायद्याच्या (२०१६) २१ प्रकारांत थॅलेसेमिया आणि सिकलसेल आहेत, आतड्याचे आजार नाहीत. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने आजारी विद्यार्थ्याला आधार देणं शाळेवर बंधनकारक केलं आणि तिथे त्या मुलापुरती लेखी आरोग्य योजना बनते. आपल्याकडे सीबीएसईने २०१७ मध्ये मधुमेही मुलांना परीक्षेत खाऊ न्यायला परवानगी दिली. म्हणजे एका आजारापुरतं का होईना, ठरवलं की जमतं.

मग आत्ता काय करता येईल?

बऱ्याच गोष्टींना जीआर लागत नाही. वर्गशिक्षकांनी त्या मुलाला एक साधं कार्ड द्यावं. ते बाकावर ठेवायचं आणि उठून जायचं, विचारायचं नाही. बसायला दाराजवळचा बाक. ऑफिसात एक जादा पँट आणि साबण. शौचालयाची एक किल्ली कायम त्या मुलाकडे. रजा पडल्या तर हजेरीवरून वर्गात बोलणं नको. परीक्षेत ते कुठे बसणार, हे केंद्रप्रमुखांशी आधीच बोलून ठेवावं.

पालकांनी जूनमध्येच चिठ्ठी द्यावी : आजाराचं नाव, काय खायचं नाही, औषध कधी, त्रास वाढला तर फोन कुणाला. चिठ्ठी मुख्याध्यापकांपुरती न ठेवता स्वयंपाक करणाऱ्या ताईंनाही वाचून दाखवावी, कारण ताटात काय पडतं ते त्याच ठरवतात.

आणि काही लक्षणांत वाट बघायची नाही. शीतून रक्त, वजन घटणं, उंची न वाढणं, रात्री दुखण्याने जाग येणं, सतत उलट्या किंवा ताप. अशा मुलाला ओवा-हिंग देत बसू नका. सातारचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, कराडचं कृष्णा रुग्णालय, जे जवळ असेल तिथल्या बालरोग विभागात दाखवा. जाताना आठवडाभर काय खाल्लं, शी कधी झाली आणि कधी दुखलं, हे वहीच्या मागच्या पानावर लिहून न्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.