काशीला एक रात्र पुरत नाही



दिवाळीची सुट्टी जवळ आली की मराठी वृत्तपत्रांत सहलींच्या जाहिराती झळकू लागतात. 'काशी-प्रयागराज-अयोध्या' या सहलीत काशीच्या वाट्याला बहुतेक वेळा एक रात्र येते, फार तर दोन. मी वाराणसीत दुर्गाघाटाजवळ राहणारा मराठी माणूस आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या मंडळींची धावपळ वर्षभर डोळ्यांसमोर असते, म्हणून हे पत्र लिहितो आहे. माझे म्हणणे एवढेच की, काशीला यायचे तर निदान चार रात्री हाताशी ठेवून यावे.

आज काय होते? दुपारी बस येते, संध्याकाळी दशाश्वमेध घाटावर नावेत बसून आरती पाहायची, पहाटे विश्वनाथाच्या रांगेत उभे राहायचे, दहाला नाश्ता आणि अकराला बस प्रयागच्या रस्त्याला. मुरूड-जंजिऱ्याला किंवा गणपतीपुळ्याला गेलेले कुटुंब समुद्रावर दोन-तीन दिवस निवांत काढते. काशीसारख्या नगरीला मात्र पुरता एक दिवसही न देता 'काशी झाली' म्हणते. हे मला पटत नाही.

यावर 'आम्ही दर्शनाला येतो, मुक्कामाला नाही' असे उत्तर मिळते. पण आपल्या परंपरेनेही काशीचे काम एका रात्रीत उरकलेले नाही. पंचक्रोशीची परिक्रमा पायी पाच दिवसांची आहे आणि तिचे मुक्काम ठरलेले आहेत: कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा. संत एकनाथमहाराज तर इथे राहिले आणि शके 1495च्या, म्हणजे इसवी सन 1573च्या कार्तिक पौर्णिमेला त्यांनी आपले भागवत याच नगरीत पूर्ण केले. त्याच कार्तिक पौर्णिमेला आता इथे देवदिवाळीला सारे घाट दिव्यांनी उजळतात. आरतीचे व्हिडिओ काढून परतणाऱ्या किती मराठी पर्यटकांना हे कोणी सांगते?

मराठी माणसाने इथे थांबावे याला आणखी एक मोठे कारण आहे. विश्वनाथाचे आजचे मंदिर अहिल्याबाई होळकरांनी 1780 साली उभे केले, एवढे सर्वांना ठाऊक असते. पण अस्सी घाटापासून उत्तरेकडे चालू लागा. भदैनीत झाशीच्या राणीचे जन्मस्थान आहे. पुढे राजाघाट लागतो, तो अमृतराव पेशव्यांचा. त्यानंतर मुन्शीघाट, नागपूरकर भोसल्यांच्या दिवाणाने बांधलेला. त्याला लागून अहिल्याबाई घाट. मणिकर्णिका घाटापलीकडे शिंदे घाट, 1830च्या सुमारास बायजाबाई शिंद्यांनी बांधलेला. त्याचा दगडी भार इतका की घाट खचला. शेजारचे रत्नेश्वराचे मंदिर एका अंगाला कललेले आहे आणि पावसाळ्यात त्याचा गाभारा पाण्याखाली जातो. मग भोसले घाट. त्याची भिंत खालून पाहावी: किल्ल्याच्या तटासारखा उंच, सपाट दगड, आत जायला अरुंद दार आणि खिडक्या पार वरच्या टोकाला. पुराचे पाणी कुठवर चढते हे ओळखूनच ती बांधली आहे, हे तिथे उभे राहिले की कळते. पुढे पंचगंगा घाटावर शेकडो दिवे लावता येतील असा दगडी हजारा दीपस्तंभ आहे. तो अहिल्याबाईंनी उभारल्याचे सांगतात. जवळच बिंदुमाधवाचे मंदिर, औंधच्या प्रतिनिधींनी बांधलेले. त्यापुढे दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट. पेशव्यांना गुरुस्थानी असलेल्या नारायण दीक्षित पाटणकरांचे नाव या दोन्ही घाटांशी जोडलेले आहे. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट या काशीचेच, आणि 'आज' या दैनिकातून हिंदी पत्रकारितेला वळण लावणारे बाबूराव विष्णू पराडकरही इथल्याच मराठी घरात जन्मलेले. हे सगळे नावेतून हात दाखवत पाच मिनिटांत सांगून संपणारे नाही. त्यासाठी चालावे लागते.

दुसरा मुद्दा गर्दीचा. अस्सी ते आदिकेशव सहा-सात किलोमीटरच्या काठावर चौऱ्याऐंशी घाट आहेत. पण एका रात्रीचा पाहुणा संध्याकाळी दशाश्वमेध घाटावर आणि पहाटे विश्वनाथाच्या दारात जातो. 13 डिसेंबर 2021 रोजी विश्वनाथ मंदिराच्या नव्या परिसराचे, विश्वनाथ धामाचे, उद्घाटन झाल्यापासून हा ओघ फार वाढला. चेंगराचेंगरीची भीती, गोदौलिया चौकातली कोंडी, कचऱ्याचे ढीग यांचे मोठे कारण सगळ्यांची वेळ आणि जागा एकच असणे हे आहे. मुक्काम वाढला तर हीच माणसे विभागली जातील. कोणी सकाळी सारनाथला जाईल, कोणी रामनगरचा किल्ला पाहील, कोणी मदनपुऱ्यात विणकराच्या मागाशेजारी बसून साडी कशी विणतात ते पाहील. पैसाही बसवाल्यापाशी न थांबता वल्ह्यांची नाव चालवणाऱ्या मल्लाहापर्यंत आणि गल्लीतल्या लहान घरगुती निवासांपर्यंत पोहोचेल. पाण्यावरच्या दुसऱ्या जुन्या शहराने, इटलीतल्या व्हेनिसने, हा प्रश्न ओळखून एप्रिल 2024पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी येऊन त्याच दिवशी परतणाऱ्यांवर शुल्क बसवले. रात्री मुक्काम करणाऱ्यांना ते नाही. काशीत असे शुल्क असावे असे मी म्हणत नाही, पण त्यामागचा विचार आपणही घ्यावा.

अडचणी आहेत, त्या नाकारून चालणार नाही. मे महिन्याच्या सुट्टीत इथला पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. म्हाताऱ्या माणसांना तेव्हा आणू नये. ऑगस्टमध्ये गंगा चढली की घाट बुडतात, नावा बंद होतात आणि आरती गच्चीवर करावी लागते. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या रखडतात. म्हणून भाऊबीज झाल्यावरचे दिवस सर्वांत चांगले. फसवणारे दलाल भेटतात, हेही खरे. पण घाईत असलेला माणूसच त्यांच्या हाती लवकर सापडतो. चार दिवस राहणारा दुसऱ्या दिवशी नावेचा भाव स्वतः विचारू लागतो. आणि पाणी अस्वच्छ आहे ही तक्रारही रास्त आहे. वरुणा आणि अस्सी या नद्या शहराचे सांडपाणी गंगेत आणतात, त्याबद्दल आम्ही इथले रहिवासीही बोलत राहिलेच पाहिजे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. सहल कंपन्यांनी काशीच्या मुक्कामात निदान एक सकाळ अस्सी ते ब्रह्माघाट पायी फिरण्यासाठी राखावी आणि सोबत माहिती असलेला माणूस द्यावा. महाराष्ट्र शासनाने उत्तर प्रदेश शासनाशी बोलून मराठी सरदारांनी आणि संस्थानिकांनी बांधलेल्या घाटांवर मराठी माहितीफलक लावून घ्यावेत. या कामाला फार पैसा लागत नाही, पाठपुरावा लागतो. आणि वाचकांनी आरक्षण करताना किती ठिकाणे दाखवणार एवढेच न विचारता काशीत किती रात्री ठेवणार, हे आधी विचारावे. गिऱ्हाइकाने मागितले की कंपन्या कार्यक्रम बदलतात. यंदाच्या सुट्टीपासूनच ही मागणी करावी, एवढे कळकळीचे सांगणे.

आपला,
एक काशीवासी मराठी वाचक
दुर्गाघाट, वाराणसी