महापौर झाल्यावरही आमदारकी का लागते?

चंद्रकांत हंडोरे 1992 साली मुंबईचे महापौर झाले. रिपब्लिकन चळवळीतून घडलेला चेंबूरचा कार्यकर्ता या शहराचा प्रथम नागरिक झाला, याचा वस्त्यावस्त्यांना वाटलेला अभिमान रास्तच होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात शहर दंगलींत पेटले. पोलीस राज्याच्या गृहखात्याचे. महापौरांच्या हाती शांततेचे आवाहन करण्यापलीकडे फारसे काही नव्हते. पुढे हंडोरे काँग्रेसमध्ये गेले, 2004 मध्ये चेंबूरमधून विधानसभेवर निवडून आले आणि राज्याचे सामाजिक न्यायमंत्री झाले. 2009 लाही ते जिंकले. त्यानंतरच्या दोन निवडणुकांत शिवसेनेच्या प्रकाश फातर्पेकरांनी त्यांना हरवले. 2024 मध्ये हंडोरे राज्यसभेवर गेले.

ही वाटचाल कष्टाची आहे, तिचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण कोटीभर लोकांच्या शहराचे महापौरपद भूषवलेल्या माणसाला निर्णयाचा अधिकार मिळाला तो मंत्रालयात गेल्यावर, याचा विचार आपण कधी करणार?

चेंबूरचा नगरसेवक एम-पश्चिम विभाग कार्यालयात पाण्याच्या दाबासाठी, नालेसफाईसाठी भांडू शकतो. मात्र त्याच्या प्रभागातली झोपडपट्टी पुनर्वसनाची योजना झोपु प्राधिकरण मंजूर करते आणि मोनोरेल एमएमआरडीए उभारते. ही दोन्ही प्राधिकरणे राज्याची. महापालिकेतही कार्यकारी सत्ता आयुक्तांकडे, आणि आयुक्त नेमते राज्य सरकार. मग होतकरू नगरसेवकाची नजर पहिल्या दिवसापासून विधानसभेच्या तिकिटाकडे लागली, तर दोष एकट्या त्याचा नाही.

दुःख पुढचे आहे. आमदार झालेला नगरसेवक नगरसेवकच राहतो. आमदार निधी 2022 मध्ये वर्षाला पाच कोटींवर गेला. तो पेव्हर ब्लॉक, व्यायामशाळा, समाजमंदिर, शौचालय यांवर खर्च होतो आणि प्रत्येक कामावर नावाची पाटी लागते. ही कामे हवीतच, पण ती महापालिकेची आहेत. कायदे करण्यासाठी निवडून दिलेला माणूस गटाराच्या झाकणांत अडकला, की पुनर्वसनाच्या कायद्यातल्या पळवाटा, घरभाडे थकवणारे विकासक, चेंबूरलगतच्या माहुलच्या हवेतले प्रदूषण यांवर सभागृहात नेटाने बोलायचे कोणी? मतदारही आमदाराला गटाराचेच विचारतो. त्याने तरी काय करावे? मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे, असे राज्यघटना स्पष्ट सांगते. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात होते, हे खरे. पण त्या काळात तुंबलेल्या गल्लीतल्या माणसाला हाक मारायला नगरसेवकच नव्हता.

हे सारे घडले ते महापालिकेतूनच वर आलेल्यांच्या राज्यात, याची खंत अधिक वाटते. एकनाथ शिंदे 1997 मध्ये ठाण्याचे नगरसेवक झाले, 2004 मध्ये आमदार, पुढे नगरविकासमंत्री आणि मुख्यमंत्री. देवेंद्र फडणवीस 1992 मध्ये नागपूरचे नगरसेवक, 1997 मध्ये महापौर, 1999 मध्ये आमदार. दुबळ्या महापालिकेत बसणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नाही. फडणवीसांनी तर दुसरी पद्धतही अनुभवली आहे. युती सरकारने 1998 मध्ये मुंबई आणि नागपुरात मेयर-इन-कौन्सिल आणली, महापौर आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे कार्यकारी अधिकार दिले. मुंबईत ती वर्षभरातच गुंडाळली गेली. पद्धतीत उणिवा असतील, पण त्या दुरुस्त करायला एवढा अवधी पुरेसा नव्हता.

महापौरांना अधिकार देणारा तो कायदा सुधारून पुन्हा विधानसभेत आणावा. झोपु आणि एमएमआरडीएच्या योजना ज्या प्रभागात येतात, तिथल्या प्रभाग समितीची मंजुरी त्यात बंधनकारक करावी. ही मागणी चेंबूरच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात करावी आणि राज्यसभेत असलेले मुंबईचे माजी महापौर हंडोरे यांनी, पक्ष कोणताही असो, त्यांना जाहीर पाठिंबा द्यावा.