वाचलं किती, ते विचारा

गेल्या रविवारी नागभीडच्या घरातल्या जुन्या कॅसेट्स कॉम्प्युटरवर घेतल्या. आजी झाडीबोलीत धानाच्या रोवणीबद्दल बोलतेय आणि मागे नॅरोगेजची शिट्टी. मग जावात छोटासा प्रोग्राम लिहून सगळ्या फाइल्स एकाला एक जोडल्या.

ऐकतो तर काय, एका जोडावर शिट्टी दोनदा!

कारण अगदी साधं. ऑडिओइनपुटस्ट्रीमचं रीड तुम्ही दिलेला बफर पूर्ण भरेलच असं नाही. किती बाइट वाचले तो आकडा ते परत देतं. संपलं की -१. माझा बफर १,७६,४०० बाइटचा, म्हणजे ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओचा बरोबर एक सेकंद. फाइलच्या शेवटी तो अर्धाच भरला. उरलेल्या अर्ध्यात आधीच्या सेकंदाचा आवाज तसाच पडून. आणि मी आकडा न बघता अख्खा बफर लिहून मोकळा!

आपण क्रॅशला भितो. मला विचाराल तर क्रॅश परवडला, निदान बोंब तरी मारतो. इथे कंपायलर गप्प, प्रोग्राम गप्प, आणि न घडलेला आवाज रेकॉर्डिंगमध्ये कायमचा.

नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये बंद झाली. आजीही आता नाही. शिट्टी एकदा वाजली की दोनदा, कोणाला विचारणार?

नशीब, मूळ फाइल्स डिलीट केल्या नव्हत्या. तुम्हीही करू नका. आणि रीडने दिलेला आकडा फेकू नका, बुवा.