भ्रूण निवडणाऱ्या संगणकाचं जादा बिल कशासाठी?

टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारासाठी (आयव्हीएफ) वर्धा जिल्ह्यातल्या जोडप्याला आता मुंबई गाठावी लागत नाही. सावंगी (मेघे) इथल्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात तसं केंद्र आहे, नागपूरही जवळच. ही सोय हवीच होती. पण या व्यवसायात आता ‘एआयने निवडलेला भ्रूण’ हा नवा शब्दप्रयोग शिरला आहे, आणि मुलासाठी आसुसलेल्या घराला त्यात हमी ऐकू येते.

तशी हमी कुणाकडेच नाही.

प्रयोगशाळेत फलित झालेली बीजं साधारण पाच दिवस वाढवतात. उबवण्याच्या पेटीतला कॅमेरा दर काही मिनिटांनी फोटो घेतो. आधीच्या हजारो भ्रूणांच्या फोटोंवर तयार झालेला एआय प्रोग्रॅम प्रत्येकाला गुण देतो, आणि त्यावरून आधी कोणता भ्रूण गर्भाशयात सोडायचा ते ठरतं. कमकुवत भ्रूण त्याने सुधारत नाही. हाती एकच भ्रूण असेल, तर निवडायचं तरी काय?

संगणकाची निवड माणसाइतकी चांगली आहे का, या प्रश्नावरची मोठी चाचणी ‘नेचर मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकाने 2024मध्ये छापली. ऑस्ट्रेलिया आणि युरोपातली 14 केंद्रं, 1,066 रुग्ण. संगणकाने निवडलेल्या गटात गर्भधारणा 46.5 टक्के, तज्ज्ञांनी डोळ्यांनी निवडलेल्या गटात 48.2 टक्के. संगणक माणसाच्या तोडीचा आहे, एवढंही त्यातून सिद्ध झालं नाही. वेळ मात्र वाचला : तज्ज्ञाला जिथे साडेतीन मिनिटं लागत, तिथे संगणकाला वीस-बावीस सेकंद. हा फायदा प्रयोगशाळेचा आहे. मग त्याचे पैसे कपाशी विकून आलेल्या रुग्णाने का मोजायचे?

हा उपचार संगणकाच्या निवडीवर अडलेला नाही. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेस्ट ट्यूब बेबीचा जन्म घडवला, तो अशा प्रोग्रॅमशिवाय.

2021च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार यशाची शक्यता, फायदे-तोटे आणि खर्च जोडप्याला आधी सांगणं क्लिनिकवर बंधनकारक आहे. संगणकाची निवडही त्यातच आली पाहिजे. संमतीच्या सहीचा कागद मराठीत हवा. बिलात ‘एआय’ची वेगळी ओळ असेल, तर त्यामुळे आपल्याच केंद्रात किती जास्त बाळं जन्मली, हे लेखी द्यावं, देता येत नसेल तर ती ओळ खोडावी.

गोव्याने 2023मध्ये बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आयव्हीएफ मोफत सुरू केलं. महाराष्ट्र सरकारनेही वर्ध्याच्या जोडप्यांसाठी तेच करावं, आणि तिथे भ्रूण कोणी निवडला याचा वेगळा दर नसावा.